अकेशिया हे नाव मुळात आपल्याच बाभळीचं (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार भाऊ,

बाभळीच्या शास्त्रीय नावावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘अकेशिया हे ऑस्ट्रेलियाचं नाव, ते त्यांच्याकडे राहिलं तर आपलं काय बिघडलं? शेतकऱ्याला सगळ्या बाभळी सारख्याच, बांधावरचा काटा. लॅटिन नावावरून कशाला गळा काढायचा?’

पहिलं विधान मला मान्य नाही. हे नाव ऑस्ट्रेलियाचं नाही. पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने इजिप्तच्या एका काटेरी झाडाला ‘अकाकिया’ म्हटलंय आणि त्याच्या रसाचे औषधी उपयोग सांगितलेत. ग्रीकमध्ये ‘अकिस’ म्हणजे अणकुचीदार टोक. नाव त्यावरूनच आलं असं मानतात. ते झाड म्हणजे नाईलकाठची बाभूळ, आणि गिरणेच्या, पांझरेच्या काठी उभी असते तीही त्याच जातीची. अहिराणीत आपण जिला बाभूय म्हणतो ती. 1753 मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने तिला लाजाळूच्या प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) घालून ‘मिमोसा निलोटिका’ केलं, पुढच्याच वर्षी इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिप मिलरने ‘अकेशिया’ ही वेगळी प्रजात मांडली. युरोपला तेव्हा ऑस्ट्रेलियाची वनस्पतीसृष्टी जवळजवळ माहीतच नव्हती.

मग नाव ऑस्ट्रेलियाकडे गेलं कसं? ही प्रजात फार मोठी, ती फोडावी लागणार हे उघड होतं. नियमाप्रमाणे नाव मूळ नमुन्याच्या, म्हणजे जिच्यावरून प्रजात ठरली त्या जातीकडे राहतं, म्हणजे बाभळीकडे. पण ऑस्ट्रेलियात या गटाच्या 900 हून जास्त जाती. तेवढ्यांची नावं बदलण्यापेक्षा नमुनाच बदलून ऑस्ट्रेलियन जातीचा करावा, असा प्रस्ताव आला. 2005 मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत जवळपास 55 टक्के मतं या बदलाच्या विरोधात पडली. तरी प्रस्ताव फेटाळायला 60 टक्के लागत होती, म्हणून तो टिकला. 2011 मध्ये मेलबर्नला त्यावर शिक्का बसला. बाभूळ झाली ‘वाचेलिया निलोटिका’, चीनमध्ये वनस्पती गोळा करणाऱ्या वाचेल नावाच्या पाद्र्यावरून. सातपुड्यातला खैर गेला ‘सेनेगालिया’ या वेगळ्या प्रजातीत. काट्यावरून पडलेलं नाव आता ज्यांच्याकडे आहे, त्यांतल्या बहुतेक झाडांना काटाच नाही. बहुमत विरोधात असताना झालेला हा निर्णय मला आजही अन्यायाचा वाटतो.

आणि ‘सगळ्या सारख्याच’ हे तर अजिबात नाही. वेडी बाभूळ अमेरिकेतून आलेली, तिची प्रजातच वेगळी. ऑस्ट्रेलियन बाभळीला मोठेपणी खरी पानंही नसतात, देठच चपटा होऊन पानाचं काम करतो. गावठी बाभळीच्या मण्यांच्या माळेसारख्या शेंगा शेळ्या आवडीने खातात, सालीने कातडं कमावतात, लाकडाची बैलगाडीची चाकं आणि वखर होतात. रामकाठी तर तिचीच सरळसोट वाढणारी बहीण.

रोपवाटिकेत ‘अकेशिया’ मागितलं तर बहुधा ऑस्ट्रेलियन बाभूळच हातात येते. नाव गेल्याने बिघडतं ते इथे. बाभळीच्या सावलीने बांधालगतचं पीक मार खातं, ही तुमची तक्रार खरी आहे. बांधावर नको असेल तर नाल्याकाठी लावा, पण रोप मागताना ‘गावठी बाभूळ’ असंच सांगा आणि जोडीजोडीने येणारे लांब पांढरे काटे बघून मगच घ्या.