वांग्याबरोबर कुठली?

परवा शनिवारी मित्राकडे जेवायला जायचं होतं. "येताना काही आणू का?" असं मी तोंडदेखलं विचारलं, तर वहिनी म्हणाल्या, "काही नको हो. फार तर एखादी वाइन आणा. आपलं सगळं शाकाहारीच आहे." या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध काय, हे मी तिथेच विचारायला हवं होतं.

वाइन शॉप अशी पाटी लावलेल्या दुकानात वाइन सोडून सगळं हाताशी असतं. कोथरूडातल्या ज्या दुकानात मी गेलो, तिथे लोखंडी जाळी, जाळीला बाटली जाईल एवढी खिडकी आणि खिडकीपुढे सात-आठ माणसांची अबोल रांग. माझा नंबर आला.

"वाइन द्या."

"हो, पण काय देऊ?"

"वाइनच."

मागे कुणीतरी हसलं. जाळीपलीकडच्या पोराने सुस्कारा सोडला आणि आतून स्टूल आणलं. वाइन सगळ्यात वरच्या फळीवर, घरात वापरात नसलेली पितळी भांडी ठेवतात तशी. स्टुलावर चढून त्याने विचारलं, "रेड का व्हाइट?" आणि मी नको ते बोललो. "शाकाहारी जेवणाबरोबर काय चालेल?"

पोरगा काही म्हणायच्या आत माझ्या मागचे काका म्हणाले, "मेनू काय आहे?"

सत्तरीचे असावेत. इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन. हातात कुणाच्या तरी लग्नात मिळालेली कापडी पिशवी. पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती आणि काका हलले की मेथीखाली काहीतरी किणकिणत होतं.

"मेनू मला माहीत नाही," मी म्हणालो.

"मग फोन करा. मेनू माहीत नसताना वाइन घेणं म्हणजे मुलगी न बघता पत्रिका छापण्यासारखं आहे."

रांगेतल्या सगळ्यांना हे पटलं असावं, कारण कुणी हरकत घेतली नाही. मी फोन केला. भरली वांगी, मसालेभात, अळूची भाजी, कोथिंबीर वडी, मठ्ठा, जिलबी. काकांनी डोळे मिटून ऐकलं.

"रेड मटणाला आणि व्हाइट माशाला, हा नियम," काका म्हणाले. "आता वांगं कुठे बसवायचं, सांगा."

"वांगं मटणाकडे झुकतं," स्टुलावरून पोरगा म्हणाला.

"चुकलास. भरल्या वांग्यात तिखट असतं, दाण्याचं कूट असतं, गूळ असतो. रेड तुरट. तिखटावर तुरट प्यायलं की तोंडात नुसता जाळ होतो. किंचित गोडसर व्हाइट हवी. नाशिकची शेनिन ब्लांक काढ." मग माझ्याकडे वळून, "पण मठ्ठ्याचं काय करणार?"

"काय करायचं?"

"वाइनवर मठ्ठा प्यायलात तर पोटात विरजण लागेल."

मला एकाएकी भरून आलं. नारायणगाव इथून जेमतेम ऐंशी किलोमीटर. तिथे ऐंशीच्या दशकात फसफसणारी वाइन बनायची आणि 'ओमर खय्याम' नावाने परदेशात जायची. आम्हाला मात्र नारायणगाव म्हटलं की तमाशाच्या राहुट्या आठवतात. अकलूजला वाइन होते, बारामतीच्या वाटेवर रोटी नावाच्या गावात झाली, नाशिकचं तर विचारूच नका. म्हणजे द्राक्षं आपली, वाइन आपली, आणि पुण्यातल्या पुण्यात ती विकत घेताना चेहरा मात्र चोरासारखा. २०२२च्या जानेवारीत सरकारने सुपरमार्केटात वाइन ठेवायचं ठरवलं, तर केवढा गदारोळ झाला! ते घडलं असतं तर मी साबण आणि पोहे घेता घेता गुपचूप एक बाटली ट्रॉलीत टाकली असती. मग हे काका भेटले नसते.

"थांबा," काका म्हणाले. "यजमान कडक शाकाहारी आहेत का?"

"कांदा-लसूण खातात."

"तसं नव्हे. वाइन नितळ करायला काय वापरतात, माहिती आहे? माशाचा फुगा. पोटातला. वाळवून. कुणी अंड्याचा पांढरा बलक घालतं, कुणी जिलेटिन. गाळ खाली बसतो, वाइन वर राहते, पण मासा येऊन गेलेला असतो ना!"

रांगेत शांतता पसरली. क्वार्टर मागायला आलेल्या एका माणसाने हातातली नोट परत घडी करून खिशात ठेवली. मी बाटली उलटीसुलटी करून हिरवा ठिपका शोधू लागलो. तो नसतोच, दारूला त्या ठिपक्यातून सूट आहे. बिस्किटाच्या पुड्याला असतो.

"काहीजण बेंटोनाइट वापरतात," काका माझी समजूत काढत म्हणाले. "ती माती. शाडूची लांबची बहीण समजा. पण यात मासा की माती, हे बाहेरून कळायचं नाही."

"तुम्ही स्वतः कुठली घेता?"

"मी? छे. मला आंबट लागते." त्यांनी खिशातून दारू पिण्याचा लॅमिनेट केलेला परवाना काढला. कुणीही मागितला नव्हता. "आजीव आहे. लोक एक दिवसाचा पाच रुपयांचासुद्धा काढत नाहीत. एक फुल ब्रँडी दे रे."

साडेनऊशे रुपये देऊन मी शेनिन ब्लांक घेतली. पोराने ती वर्तमानपत्रात अशी गुंडाळली की, आत दुसरं काही असूच शकत नाही हे सोसायटीच्या वॉचमनलाही कळावं.

आणि मग मीच माती खाल्ली. जेवायच्या आधी मैफल रंगवावी म्हणून माशाच्या फुग्याचा किस्सा सांगितला. सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत. मित्राच्या आईने पदराने बाटली धरली आणि बाल्कनीत, फिनेलच्या बाटलीशेजारी नेऊन ठेवली. फ्रिजमध्ये म्हणे नैवेद्याचं दूध होतं.

हेही मी सहन केलं असतं. पण अर्ध्या तासाने मित्र, त्याचा मेहुणा आणि त्याचे वडील त्याच बाल्कनीत चकली घेऊन गेले आणि तिथून बर्फाचा आवाज येऊ लागला. मी डोकावलो. व्हिस्की.

"ही चालते?" मी विचारलं.

"ही धान्याची," मित्राचे वडील म्हणाले. "शुद्ध जव." आणि पायाने माझी बाटली जराशी बाजूला सरकवली, खुर्चीला जागा व्हावी म्हणून.

मी मठ्ठा प्यायलो. दोन वाट्या. चांगला होता, आलं-कोथिंबीर बरोबर पडलं होतं, पण साडेनऊशे रुपयांत पुण्यात किती मठ्ठा येतो याचा हिशोब डोक्यातून जाईना. निघताना वहिनींनी जिलब्यांचा डबा दिला आणि त्याच पिशवीत, त्याच वर्तमानपत्रात, बाटलीही. "आमच्याकडे पडून राहील हो. तुम्ही तरी घ्याल."

काल मित्राचा फोन आला. मला वाटलं, ओशाळला असेल.

"अरे, तो डबा आणून दे लवकर. स्टीलचा आहे, त्यावर आईचं नाव आहे."