‘सवयींनी कोणाचे वजन उतरले?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

आपण लिहिले आहे की, ‘सवयी लावा, वजन ताब्यात राहील, हे ऐकायला गोड आहे, मी दिवसातून दोनदाच जेवून चार महिन्यांत नऊ किलो उतरवले, तुमच्या सवयींनी कोणाचे काय उतरले?’ शिवाय, तेल मोजून वापरा असे सांगताना ज्याच्या हाती कढईच नाही त्याचा मी विचार केला नाही, असाही आपला आक्षेप आहे. यांतला दुसरा मुद्दा मला अधिक बोचला, पण पहिल्यापासून सुरुवात करते.

नऊ किलोंबद्दल मनापासून अभिनंदन. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेल्या आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोहोचवलेल्या दोन वेळच्या जेवणाच्या पद्धतीला मी नावे ठेवलेली नाहीत. चहाबरोबरची बिस्किटे, चार वाजताचा वडापाव आणि टीव्हीसमोरचा चिवडा ती एकाच नियमाने बंद करते, हे तिचे बळ आहे. माझा लेख मात्र वजन उतरवण्याविषयी नव्हता. उतरलेले वजन पुन्हा चढू नये याविषयी होता, आणि हे काम निराळे आहे.

अमेरिकेत वजन उतरवण्याच्या दूरचित्रवाणीवरील स्पर्धेत भाग घेतलेल्या १४ जणांची केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी सहा वर्षांनंतर पुन्हा तपासणी केली व निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. स्पर्धेत त्यांनी सरासरी ५८ किलो उतरवले होते. त्यांपैकी सरासरी ४१ किलो परत आले, आणि त्यांचे शरीर विश्रांतीच्या अवस्थेत अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० किलोकॅलरी कमी खर्च करीत होते. आपली-माझी घट इतकी टोकाची नसते, त्यामुळे हा आकडा स्वतःला चिकटवू नये. परंतु वजन उतरल्यावर भूक वाढते आणि शरीर काटकसरीला लागते, एवढे आपल्यालाही लागू आहे.

मी स्वतः २०१६ साली भात, पोळी, साखर सारे सोडून पाच महिन्यांत आठ किलो उतरवले होते. मग गौरी-गणपती आले, डिसेंबरात भाच्याचे लग्न झाले, आणि दीड वर्षात नऊ किलो परत आले. तेव्हा मी माझ्या कच्च्या मनाला दोष दिला. आज वाटते की ज्या नियमात नैवेद्याचे ताट बसत नाही, तो नियम आपल्या घरांत वर्षभर टिकणेच कठीण. दोनदा जेवणे आपल्या इतके अंगवळणी पडले की ते मुद्दाम आठवावे लागत नाही, तर तीही सवयच होय आणि मग आपल्यात वादच उरत नाही. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागलेले दिसले, कोणाला १८ तर कोणाला २५४. आणि एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही त्यात आढळले.

एक प्रश्न मात्र विचारते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २००० किलोकॅलरींच्या नमुना ताटात दिवसाला ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये (कच्च्या वजनाने), ४०० ग्रॅम भाज्या आणि ३०० मिलिलिटर दूध किंवा दही आहे. आपल्या दोन जेवणांत हे बसते का? आपल्याकडे वरण बहुधा पळीवाढे असते, आणि प्रथिने कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. वजनकाट्याला तो फरक कळत नाही. मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यांनी तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलूच नयेत.

आता तेल. त्याच ताटात दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे, म्हणजे चार जणांच्या घरात महिन्याला साधारण साडेतीन लिटर. म्हणून किराणा भरतानाच तेवढे आणावे, असे मी लिहिले होते. किराण्याची यादी आणि कढई दोन्ही वाचकाच्याच हाती आहेत, हे मी गृहीत धरले. मेसच्या डब्यावर जेवणारा मुलगा किंवा सासूबाईंच्या स्वयंपाकघरातली नवी सून यांना त्या वाक्याचा काही उपयोग नाही, हे मला मान्य आहे.

त्यांच्या हाती उरते ते वाढून घेणे. भाजीवरचा तवंग वाटीत निथळून बाजूला ठेवता येतो. आधी कोशिंबीर, उसळ आणि भाजी भरपूर घेऊन मग पोळीकडे वळता येते. दोन चमचे साखरेचे चार कप चहा म्हणजे जवळजवळ १५० किलोकॅलरी केवळ साखरेच्या, आणि चहात किती साखर हवी हे सांगायला बहुतेक ठिकाणी संकोच वाटत नाही. आग्रहाबाबत माझा एक अनुभव असा की रिकाम्या ताटाकडे वाढणाऱ्याचे लक्ष लगेच जाते. म्हणून शेवटचा घास जरा रेंगाळत खावा.

लेखातील तेलाच्या परिच्छेदात मी तशी दुरुस्ती केली आहे. रात्रपाळीत ही दोन जेवणे नेमकी केव्हा घ्यायची, हा आपण शेवटी विचारलेला प्रश्न मात्र मी अनुत्तरित ठेवते, कारण मी रात्रपाळी कधी केलेली नाही. आपण ती करता, तेव्हा आपल्या वेळा कशा बसवल्या ते सविस्तर लिहिलेत तर लेखाखाली आपल्याच शब्दांत देईन.