साठी झाली ना, मग गप बसा

साठ पूर्ण झाली का? अभिनंदन. ग्रुपवर "वय म्हणजे नुसता आकडा" वाला फॉरवर्ड आला असेलच, आता तो ज्याने टाकला त्याला जरा म्हणून बघा की मला पोहायला शिकायचंय. "बाबा, ह्या वयात?" आला की नाही आकडा परत?

तर पहिलं म्हणजे काही हवंसं वाटून घ्यायचं नाही. शर्ट बदामी नाहीतर राखाडी, लाल घातलात तर सोसायटीत चर्चा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली आणि संध्याकाळी घर खायला उठतं, तरी जोडीदाराचा विषय काढू नका, पुण्यात ज्येष्ठांच्या लिव्ह-इनसाठी चक्क मंडळ आहे, असू दे, तुम्ही भजनी मंडळ बघा. हसायचं असेल तर सकाळी हास्य क्लबात हात वर करून हसा, घरी उगाच हसलात तर बीपी मोजतील.

कमी ऐकू येतं? मशीन अजिबात लावू नका. चष्मा लावला तर माणूस हुशार दिसतो, कानात मशीन दिसलं की लोक ओरडून आणि लहान मुलाशी बोलल्यासारखं बोलायला लागतात. त्यापेक्षा सगळे हसले की आपणही हसायचं. मग काही महिन्यांनी घरचेच म्हणतील, आजोबा हल्ली फार विसरतात.

"ह्या वयात" ला एकच सूट आहे. लेकीचं बाळंतपण अमेरिकेत असलं की गुडघे, शुगर, बीपी सगळं ठीक होतं आणि तुम्ही मेतकूट-भाजणीची बॅग घेऊन सहा महिने बिनधास्त जाऊ शकता. इकडे मात्र फिरायचं नाव नको. रेल्वेने मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची सवलत बंद केली, का तर करोनात विनाकारण फिरू नका, करोना गेला पण सवलत काही परत आली नाही, काळजीच तेवढी! एसटी पंच्याहत्तरीनंतर फुकट आहे, फक्त ती पहिली पायरी चढण्यापुरते गुडघे शिल्लक ठेवा.

आणि हो, नुसतं जिवंत असून भागत नाही बरं का. सरकारी पेन्शन असेल तर दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागतो, ८० च्या वर असाल तर ऑक्टोबरपासूनच देता येतो (घाई असते ना). मशीनवर अंगठा ठेवा. नाही येत. जन्मभर भांडी घासून रेषाच पुसट झाल्यात. "आजी, पदराला पुसा. आता केसांवर फिरवा. दाबू नका हो! दुसरा अंगठा द्या." मागे रांग चुकचुकतेय आणि आजी स्वतः तिथे उभ्या आहेत ह्याचा पुरावा म्हणून कुणालाच उपयोग नाही. चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोयपण आहे, पण ती नातवाच्या मोबाईलमध्ये आणि नातू गेममध्ये. ईपीएस-९५ वाल्यांची, म्हणजे खाजगी नोकरी करून पीएफवाली पेन्शन घेणाऱ्यांची, तर चैनच, ते वर्षात कधीही जिवंत असल्याचं कळवू शकतात आणि त्याबद्दल मिळतात २०१४ साली ठरलेले महिन्याला किमान १००० रुपये. रिक्षाचे त्यातूनच द्या.

राहता राहिला फ्लॅट. तो आत्ताच पोराच्या नावावर करून टाका, "नंतर कटकट नको" असं तो जेवताना दोनदा म्हणालाय. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, त्यात कलम २३ आहे, बक्षीसपत्रात सांभाळायची अट घातलेली असेल आणि पोरगा बघेनासा झाला तर न्यायाधिकरण ते बक्षीसपत्र रद्द ठरवू शकतं. पण पोटच्या पोराला कुणी अटी घालतं का? लोक काय म्हणतील! तुम्ही बिनअटीच सही करा, आणि रजिस्ट्रार ऑफिसला कसं जायचं ह्याची चिंता करू नका, दवाखान्यात न्यायला त्याला सुट्टी मिळत नसली तरी त्या दिवशी तो नक्की गाडी काढेल.