खुलासा : सिंक म्हणजे बॅकअप नव्हे

‘कॉम्प्युटरवरचं फोल्डर ड्राइव्हला सिंक केलं की बॅकअप झाला, आणखी काही करायची गरज नाही’ असा मेसेज फिरतोय. तो अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी लोकांच्या फायली जातात.

हार्ड डिस्क बंद पडली तर ऑनलाइन प्रत शाबूत राहते, एवढं बरोबर. पण सिंक म्हणजे आरसा. घाईघाईत ‘जुने फोटो’ हे फोल्डर डिलीट केलंत, की थोड्याच वेळात ते ऑनलाइनही जातं आणि तुमच्या दुसऱ्या लॅपटॉपवरूनही. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ते ३० दिवस राहतं, मग कायमचं पुसलं जातं. वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यातही मुदत ३० दिवसांचीच. फोल्डर गेल्याचं दोन महिन्यांनी लक्षात आलं तर काय करणार? रॅन्समवेअरने, म्हणजे फायली अडकवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, कुलूपबंद केलेल्या फायलीही तशाच ऑनलाइन चढतात. फायलींच्या आधीच्या, धड असलेल्या आवृत्त्या शिल्लक असतील तरच सुटका.

म्हणून सेवा निवडताना किती जीबी मिळतात हे नंतर बघा. डिलीट झालेली फाइल आणि जुनी आवृत्ती किती दिवस परत मिळते, हे आधी तपासा. खास बॅकअपच्या सेवांनाही हाच प्रश्न विचारायचा, कारण त्यांच्याही मुदती असतात. एन्क्रिप्शनची किल्ली (फायली इतरांना वाचता येऊ नयेत म्हणून लावलेल्या कुलपाचा पासवर्ड) फक्त तुमच्याकडे असेल तर ती कागदावर लिहून ठेवा. हरवली तर कंपनीही फाइल उघडून देऊ शकत नाही.

सिंक बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही. त्याच्या जोडीला एका एक्स्टर्नल डिस्कवर प्रत घ्या आणि ती डिस्क काढून ठेवा. आणि आजच एखादी फाइल बॅकअपमधून परत आणून, उघडून बघा.