सायकल फुटपाथवर नको, असं मी अजूनही का म्हणतो

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहवेना, कारण तुमचं एक वाक्य लागलं: "तुम्हाला फुटपाथ प्यारा, मला माझा मुलगा."

नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल म्हणून थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की फुटपाथ चालणाऱ्यांचा आहे, मोठ्या माणसांनी त्यावर सायकल घालू नये. त्यावर तुम्ही लिहिलंत की तुमचा नववीतला मुलगा रोज संध्याकाळी साडेपाचला पुण्यात धनकवडीहून पद्मावतीला क्लासला जातो, सातारा रस्त्याने, आणि फुटपाथवरूनच जायचं असं तुम्हीच त्याला बजावलं आहे. शिवाय तुमचं म्हणणं असं की जीव घेते ती मोटार, सायकल नाही. फुटपाथ तसेही रिकामे पडलेले असतात. जपानमध्ये याला परवानगी आहे. आणि फुटपाथवर गाड्या घालणारे दुचाकीवाले सोडून मी सायकलवाल्यांच्याच मागे लागलो आहे.

आधी माझी चूक. त्या लेखात मी सायकलवाल्यांना सरसकट 'बेशिस्त' म्हटलं. ते चुकलंच, तो शब्द मी मागे घेतो. लेख रागाच्या भरात लिहिला होता आणि राग कशाचा हे मात्र लिहायचं टाळलं होतं. ते आज लिहितो.

मार्चमध्ये माझी आई फुटपाथवर पडली. ती ७६ वर्षांची आहे, डाव्या कानाने कमी ऐकू येतं. भाजी आणायला ती एकटी जायची, सोसायट्यांच्या भिंतीच्या कडेकडेने, मधूनमधून भिंतीला हात लावत. मागून एक मुलगा सायकलवर आला. त्याने घंटी वाजवली. आई दचकली आणि बाजूला व्हायचं म्हणून नेमकी उजवीकडे सरकली, म्हणजे तो ज्या बाजूने येत होता त्याच बाजूला. हँडलमध्ये पिशवीचा बंद अडकला. मेथीची जुडी पसरली, आई हातावर पडली आणि उजवं मनगट मोडलं.

मी पोचलो तेव्हा तो मुलगा तिथेच होता. दुकानाच्या पायरीवर आईशेजारी बसून मेथीच्या काड्या पिशवीत भरत होता. आईच्याच फोनवरून त्याने मला कळवलं होतं. "काका, मी हळूच होतो हो," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि रडत होता. दहावीचा असेल. तुमच्या मुलाहून एखाद्या वर्षाने मोठा.

तो खरंच हळू होता, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. सायकलच्या हिशेबाने हळू. आपण ताशी पाचच्या आसपास चालतो. सायकल अगदी रमतगमत चालवली तरी ताशी पंधराला असते, म्हणजे सेकंदाला चार मीटर. घंटी ऐकून मान वळवायची, कुठून येतंय ते पाहायचं, कुठे सरकायचं ते ठरवायचं, यात आईची दोन-तीन सेकंदं जातात. तेवढ्यात सायकल दहा मीटर पुढे आलेली असते. यात कुणी बेशिस्त नव्हतं. चांगला मुलगा, चालू घंटी, बेताचा वेग, आणि तरी मनगट मोडलं. प्लास्टर सहा आठवड्यांनी निघालं. पण आई आता एकटी सोसायटीच्या गेटापलीकडे जात नाही. भाजी मी आणतो. मेथी निवडताना ती म्हणते, कोवळी नाही आणलीस. स्वतः जाऊन निवडते, असं मात्र म्हणत नाही.

आता तुमचे मुद्दे. मोटारीबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे. २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली. त्यात ३२ हजारांवर पायी चालणारे होते, साडेचार हजारांहून जास्त सायकलवाले होते. त्यांतल्या बहुतेकांना सायकलने मारलेलं नाही. तुमच्या भीतीला मी कधीच खोटं म्हणणार नाही. पण बघा ना, पायी चालणाऱ्यांचा आकडा सायकलवाल्यांच्या कितीतरी पट आहे, आणि याच माणसांसाठी रस्त्याच्या कडेला एक पट्टी राखून ठेवली होती. तीही सुरक्षित राहिली नाही, तर आईसारख्यांनी जायचं कुठे? सायकलवाल्याला निदान फुटपाथवर चढता येतं. फुटपाथवरून हटलेल्याला चढायला पुढे काहीच नाही, त्याला खाली मोटारींमध्येच उतरावं लागतं.

"फुटपाथ रिकामे असतात" हे वाचून मी शनिवारी टेप घेऊन सातारा रस्त्यावर गेलो, पद्मावतीच्या बाजूला. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेप्रमाणे फुटपाथवर चालायला निदान १.८ मीटरची मोकळी रुंदी हवी. मी जिथे मोजलं तिथे फरशी दोन मीटरच्या आसपास भरली. पण झाडाच्या आळ्यापाशी उरले ९५ सेंटिमीटर. विजेच्या डीपीपाशी ७०. एका टपरीसमोर मोजायला काही उरलंच नव्हतं. सायकलचं हँडल साठ सेंटिमीटर. हातात पिशवी घेतलेला माणूसही जवळपास तेवढाच. ७० सेंटिमीटरमध्ये ही दोघं समोरासमोर आली तर एकाने थांबायचं असतं, आणि थांबतो नेहमी चालणाराच. फुटपाथ रिकामा दिसतो कारण ज्यांना पडायची भीती वाटते ती माणसं तिथून कधीच उठून गेली आहेत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगा फुटपाथ हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला, अपंग व्यक्तींना वापरता येईल असा फुटपाथ हवा हेही सांगितलं. तो हक्क त्या उठून गेलेल्या माणसांसाठी आहे.

आणि तुमच्या मुलासाठी फुटपाथ वाटतो तितका सुरक्षित नाही, हेही सांगायला हवं. शनिवारी तासभर उभं राहून मी सोसायट्यांच्या गेटांवरच लक्ष ठेवलं होतं. गाडी बाहेर काढणारा आधी गाडीचं नाक फुटपाथवर आणतो, मग रस्त्याकडे मान वळवतो. चालणारा माणूस त्याच्या नजरेच्या टप्प्यात येईपर्यंत तो थांबलेला असतो. सेकंदाला चार मीटर वेगाने येणारी सायकल त्याच्या हिशेबातच नसते. भिंतीच्या आडून ती एकदम बॉनेटसमोर येते. रस्त्यावर ती निदान सगळ्यांना दिसते.

जपानचा दाखला तुम्ही दिलात हे बरं झालं, कारण तो माझ्याच बाजूचा आहे. १९७० साली तिथे अपघातांत सोळा हजारांहून जास्त माणसं मेली, तो त्यांचा उच्चांक. मोटारींपासून वाचवायचं म्हणून त्याच वर्षी कायदा बदलून ठरावीक फुटपाथवर सायकलला परवानगी दिली. तात्पुरती सोय होती. ती अंगवळणी पडली, रस्त्यावर सायकलसाठी जागा करायची निकड उरली नाही, आणि पुढे चालणाऱ्यांना सायकली धडकायच्या तक्रारी वाढत गेल्या. मग त्यांनाच लगाम ओढावा लागला. २००८ पासून नियम असा की सायकल हे वाहन आहे, तिची जागा रस्ता. परवानगीचा फलक असलेले फुटपाथ सोडले तर सूट तेरा वर्षांखालच्या मुलांना, सत्तरीच्या पुढच्यांना, अपंगांना, आणि रस्त्यावरून जाणं खरोखर अशक्य असेल तिथे. ज्यांना सूट आहे त्यांनीही अगदी हळू, रस्त्याकडच्या कडेने जायचं. चालणाऱ्याला अडथळा होत असेल तर आपण थांबायचं. तिथे घंटी वाजवून वाट मागायची नसते.

जर्मनीचा नियम मला जास्त आवडतो. आठ वर्षांपर्यंतच्या मुलांनी फुटपाथवरून किंवा रस्त्यापासून वेगळ्या बांधलेल्या सायकल ट्रॅकवरूनच सायकल चालवायची, दहापर्यंतच्यांना मुभा, आणि २०१६ पासून लहान मुलाबरोबर एका मोठ्या माणसालाही. असा नियम इथे आला तर मी पहिला पाठिंबा देईन. सात वर्षांच्या पोरीला सातारा रस्त्यावर उतरव असं मी कुणालाही म्हणणार नाही.

आपल्याकडे कायदा मात्र कडक आहे. १९५१ चा महाराष्ट्र पोलीस कायदा फुटपाथवर कुठलंही वाहन चालवायला किंवा सोडायला मनाई करतो, आणि त्यातल्या 'वाहन' या शब्दात सायकल येते. सूट एकाच गोष्टीला: बाळाच्या बाबागाडीला. पूर्वी माझ्या वडिलांच्या सायकलला पालिकेचा बिल्ला असायचा. तो ते दरवर्षी पैसे भरून आणायचे. रात्री दिवा नसला तर पोलीस चाकातली हवा सोडायचे, डबलसीट दिसलं तर दंड. तेव्हा तो जाच वाटायचा. पण त्या बिल्ल्याचा अर्थ असा होता की ही सायकल वाहन आहे आणि रस्ता तिचा आहे. वडील लक्ष्मी रस्त्याने मधोमध सायकल घेऊन जायचे आणि त्यांना कुणी कडेला हो म्हणत नसे. सायकलींचं शहर म्हणून पुण्याचं नाव होतं ते रस्त्यावरच्या सायकलींमुळे.

म्हणूनच सायकल फुटपाथवर चढली की मला दुहेरी वाईट वाटतं. एक आईसाठी, आणि दुसरं त्या सायकलसाठी. मोटारीने तिला रस्त्यावरून हुसकलं आणि आपण म्हणालो ठीक आहे, वर जा. ज्या दिवशी 'फुटपाथवरून चालवा' हा तोडगा म्हणून मान्य होईल, त्या दिवसापासून रस्त्यावर सायकलसाठी पट्टा मागायचा हक्क आपण सोडला असं धरलं जाईल. आणि मागायला काही कमी नाही. तुमचा मुलगा जातो त्याच रस्त्यावर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली ती २००६ च्या अखेरीस, आणि तिच्या जोडीला सायकल ट्रॅकही आखले होते. डिसेंबर २०१७ मध्ये पालिकेच्या मुख्य सभेने अख्ख्या शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. मी शनिवारी पाहिला तो ट्रॅक फुटपाथच्याच पातळीवर पेव्हर ब्लॉकचा होता, त्यावर दुचाकी लावलेल्या, मध्ये खांब, आणि पुढे तो एका कट्ट्याला टेकून संपत होता. मुलगा ज्याला फुटपाथ म्हणतो त्यातला काही भाग त्याचा हक्काचा ट्रॅकच असणार. भांडायचं असेल तर त्या पार्किंगशी भांडू, मी तुमच्या बरोबर आहे.

दुचाकीवाल्यांबद्दल: तो गुन्हाच आहे, सायकलपेक्षा कितीतरी गंभीर, आणि त्याला मोकळीक नाहीच. पण फुटपाथवर चाकं चालतात हे एकदा डोळ्यांना सवयीचं झालं की त्यांचंही फावतं. सायकलसाठी केलेल्या उतारावरून स्कूटर चढते. मग स्कूटर अडवायला लोखंडी खांब रोवतात आणि व्हीलचेअर बाहेर राहते.

राहिला तुमचा मुलगा. तो रोज जाणार आहे आणि ट्रॅक उद्या मोकळा होणार नाही. त्याला एकट्याला मोटारींमध्ये ढकला असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच की मुख्य रस्ता सोडून धनकवडीच्या आतल्या गल्ल्यांनी जेवढं जाता येईल तेवढं त्याने सायकलवर जावं, आणि जिथे मुख्य रस्ता टळतच नाही आणि खाली उतरायची भीती वाटते, तिथे उतरून सायकल हातात धरून फुटपाथने चालावं. हातात सायकल घेतलेला मुलगा इतरांसारखाच चालणारा असतो, आणि आईसारखं कुणी दिसलं की तो जागीच थांबू शकतो. वेळ वाढेल, हे कबूल. पाच-सात मिनिटं आधी निघावं लागेल.

गल्ल्यांचा रस्ता कागदावर सांगून कळणार नाही. येत्या रविवारी सकाळी सात वाजता, गर्दी नसताना, मी सायकल घेऊन पद्मावतीच्या बस थांब्यापाशी येतो. तुम्ही आणि मुलगा दोघंही या. धनकवडीपर्यंत आतून जाऊन बघू, कुठे उतरावं लागतं ते खडूने खूण करू. येणार असाल तर इथेच खाली कळवा.