कडेच्या विटा निवडताना चूक आमचीच झाली

नमस्कार. बागेतली दगडी फरशी छान बसली, पण तिच्या कडेच्या विटा आठ महिन्यांत हलायला लागल्या, कोपरे उडाले, वर पांढरी बुरशी आली आणि आमच्या माणसाने ‘पाण्याने होतंच असं’ म्हणून फोन ठेवला, असं तुम्ही लिहिलंय. त्या बोलण्याबद्दल आधी माफी मागते.

तुमचे फोटो मी मोठे करून पाहिले. एका विटेचा वरचा थर पापुद्र्यासारखा सुटलाय, आतला रंग फिकट नारिंगी दिसतोय. म्हणजे वीट कमी भाजलेली आहे. दगडाच्या रंगाला शोभते म्हणून आम्हीच ती सुचवली होती. भिंतीत, गिलाव्याखाली ती टिकलीही असती, पण कडेची वीट कायम ओल्या मातीत असते. तिथे दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत वाजल्या पाहिजेत. शिवाय कोरडी वीट वजन करून 24 तास पाण्यात बुडवायची आणि पुन्हा वजन करायचं. 3 किलोची वीट 600 ग्रॅम पाणी पीत असेल तर ती जमिनीत घालू नये. एवढी साधी परीक्षा आम्ही केली नाही.

बसवण्यातही चुकलंच. दगडांखालची वाळू बाहेर सरकू नये म्हणून कड असते. तुमच्याकडे विटा नुसत्या वाळूवर आडव्या मांडल्या गेल्या. काँक्रीटच्या पायावर उभ्या लावून बाहेरच्या अंगाने काँक्रीटचा टेकू द्यायला हवा होता.

ते पांढरं मात्र बुरशी नाही, लोणा आहे. ओल सुकताना विटेतले क्षार वर येतात. कोरड्या ब्रशने झाडा. धुतलं तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात.

विटा काढून सिमेंटची सलग पट्टी ओतावी, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. पट्टीला तडा गेला की डागडुजी कायमची दिसत राहते. वीट बिघडली तर तेवढीच बदलता येते. आणि तुमच्या फरशीची ती गोलाई उभ्या विटांनी फार सुरेख वळेल.

पूर्ण कड बदलून देऊ, विटा आणि मजुरी आमची. कडेलगतची दगडांची ओळही उचलून नव्याने बसवावी लागेल. या वेळी दोन-तीन प्रकारच्या विटा घेऊन मी स्वतः येईन. ओल्या करून दगडाशेजारी ठेवून पाहू, कारण भिजल्यावर रंग बदलतो. तोवर पापुद्रा सुटलेली एखादी वीट जपून ठेवा, मला ती भट्टीवाल्याला दाखवायची आहे.