पाय दुखत नाही म्हणून...

मधुमेहाच्या दुर्मीळ गुंतागुंतींवरचा लेख आवडला, पण ‘शार्को फूट’ (बधिर पायातली हाडं-सांधे नकळत पिचून पायाचा आकारच बिघडणं) एका ओळीत उरकलात. आमच्या घरात तो घडून गेलाय, म्हणून लिहिते.

आमचे काका, पंचवटीतले. साखर बारा वर्षांची, तळपाय बधिर. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी अनवाणी केली. (सांगून ऐकतील ते काका कसले!) आठवड्यात डावा पाय सुजला, लालबुंद, हाताला गरम. दुखणं मात्र नावालाच, त्यामुळे हिंडणं चालूच. एका डॉक्टरांनी जंतुसंसर्ग म्हणून गोळ्या दिल्या. एक्स-रे नॉर्मल! सुरुवातीला तो तसा येऊ शकतो, हे नंतर कळलं. एमआरआयमध्ये निदान झालं. तोवर तळव्याची कमान बसली होती.

नसा बधिर, त्यामुळे हाडं पिचली तरी कळत नाही आणि माणूस त्याच पायावर चालत राहतो. फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांनी 1868 मध्ये असे सांधे वर्णिले ते सिफिलिस या गुप्तरोगाने नसा बिघडलेल्या रुग्णांत. मधुमेहाशी संबंध 1936 मध्ये जोडला गेला. उपचार म्हणजे प्लास्टर आणि पायावर भार न देणं, तेही कित्येक महिने. काकांना ते फेरीपेक्षा जड गेलं.

आता काकू रोज रात्री त्यांचे दोन्ही पाय हाताने चाचपते. एक जास्त गरम लागला की दुसऱ्या दिवशी दवाखाना.